उलटी नोंद

आमच्या गावच्या वहीला बारा घरं आहेत.
एक डबा शाळेत, खडूच्या खोक्यामागे,
एक दालमिलच्या मुनिमाच्या डोक्यावर,
एक पंचफुलाबाईच्या देव्हाऱ्याशेजारी.
हिरवा दिवा लुकलुकतो, म्हणून ती त्यालाही कुंकू लावते.
मी अडवलं नाही. पाणी तेवढं शिंपडू नको म्हटलं.

दर पंधरा मिनिटांनी
टिनांवरचं ऊन मोजलं जातं,
कोणी दिलं, कोणी घेतलं,
आणि प्रत्येक पानाच्या कपाळावर
आधीच्या पानाचा अंगठा.
मधलं एक पान बदला,
पुढची सगळी ओळख विसरतात.
नागपूरहून आलेला पोरगा याला ब्लॉकचेन म्हणाला.
डोमाजी कोतवाल म्हणाला, "दावनीच्या बैलाईवानी.
एक हासडला का सारेच उठते."

माझा बाप मीटर वाचायचा.
सायकल, कानामागे शिसपेन्सिल.
कुलूपबंद घरांचे आकडे
बाभळीखाली बसून अंदाजानं भरायचा.
वाईट केलं नाही त्यानं कोणाचं,
पण खोडलं खूप.
त्याचा खोडरबर अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे,
एका बाजूनं झिजून
त्याच्या अंगठ्याच्या आकाराचा झालेला.

माघात, गव्हाच्या शेवटच्या पाण्याला,
मला एक ओळ दिसली.
रात्री दोन ते साडेतीन.
देणारा मीटर सात, घेणारा मीटर अकरा.
सव्वातीन युनिट. दर शून्य.
दुसऱ्या रात्री पुन्हा.
अशा नऊ रात्री.

सात म्हणजे शालिक टेकाम.
अकरा त्याचा धाकटा, गुणवंत.
चौदा वर्षं एका धुऱ्यापायी बोलत नाहीत.
नकाशावर कोणीतरी पांढरी शाई फिरवली होती,
नखाएवढी.
शेतात ती दोन हात भरली.
खालची रेघ ज्यानं पाहिली होती, तो मेला.

शालिककाका आला. चप्पल पायातच,
उंबऱ्याच्या बाहेर.
"पोरी, थ्या ओळी काढून टाक."
"निघत नाहीत काका."
"काहून? कोनाचा पैसा तं नाई गेला."
"बारा घरी आहेत त्या. अकरा नंबरच्या घरीसुद्धा."
तो डब्याकडे बघत राहिला,
एखादं कुत्रं चावेल की नाही, तसं.
"मंग त्यानं वाचलं असन?"
"वाचलं तर दिसतं," मी म्हटलं. "वाचतं कोण?"

चैत्रात माकडानं शाळेची वायर तोडली.
चार दिवस अकरा घरांनी वही चालवली
आणि पाचव्या दिवशी शाळेला
हुकलेली पानं एकेक करून दिली.
कोणाला त्याचं काही वाटलं नाही.
मी मात्र त्या दिवशी उगाच जिलबी आणली.

ज्येष्ठात पारा सेहेचाळीसवर.
शालिककाकाची बॅटरी फुगली,
काकूला उन्हाळी लागलेली, कूलर बंद.
दिवेलागणीला गुणवंत दारात.
तोही उंबऱ्याच्या बाहेरच; या घराण्याची खोडच ती.
"खोडता येत नाई म्हनते तुह्या वहीत."
"नाही येत."
"उलटी नोंद तं करता येते ना?"

त्या रात्री
देणारा अकरा, घेणारा सात.
सव्वातीन युनिट. दर शून्य.
कूलरला एवढे लागत नाहीत,
पण त्यानं आकडा तोच धरला.
मी रोज पहाटे बघायची.
सात रात्री झाल्या. आठ. नऊ.
संपला हिशेब, म्हणून मी चहा ठेवला.
दहाव्या रात्री पुन्हा ओळ.

पाऊस पडून गेल्यावर शालिककाका आला,
पायाला चिखल,
बराच वेळ दिव्याच्या डबीत बोलल्यासारखं बोलला:
"एक रात जास्त आली थ्याची."
"परत करायची का?"
त्यानं टोपी काढली, घातली.
"राहू दे. बाकी असली का येनंजानं रायते."

येणंजाणं कुठलं! अजून बोलत नाहीत.
धुऱ्यावर तूर दोघांचीही वाकडी पेरली गेलीय.
भिंतीवर हिरवा दिवा लुकलुकला,
पंधरा मिनिटं भरली होती.
शून्य दराच्या त्या एका रात्रीवर
आणखी एक अंगठा पडला.